कुठे उतरलात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परगावी ओळखीचं माणूस भेटलं की आपण मराठीत पहिल्यांदा विचारतो, 'कुठे उतरलात?' 'राहिलात कुठे' असं नाही, 'उतरलात कुठे'. आपण आता रिक्षातून उतरतो, पण हा शब्द घोड्यावरून आणि बैलगाडीतून उतरण्याच्या काळातला असावा. दिवसभर चालून थकलेलं जनावर, पाठीवरचं ओझं आणि दिवस मावळताना कुणीतरी आत घेईल असा एक दरवाजा, एवढं सगळं त्या एका क्रियापदात आहे. प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो तेही त्यातूनच.

दिल्ली पाहायला निघालेली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, 'जुनी दिल्ली तुम्हाला माहीत आहे, एखादं स्वस्तातलं आणि मोक्याच्या जागेवरचं हॉटेल सांगा.' मी मराठीत कविता लिहितो हे त्यांना ठाऊक असतं, तरी दिल्लीचा विषय निघाला की मी त्यांच्या लेखी उर्दूवाला होतो. असो. आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे मिसळ आणि चहा मिळण्याची जागा, आणि झोपायचं ते 'लॉज'मध्ये. पण प्रश्न कळतो. मोक्याची जागा आणि परवडणारा भाव, दोन्ही हवं. हा प्रश्न त्या शहराइतकाच जुना आहे आणि दिल्लीने त्याची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली. ती उत्तरं ऐकल्यावर खोली निवडणं सोपं जातं, म्हणून आधी इतिहास सांगतो आणि मग पत्ता.

दिल्लीच्या बसवरच्या पाट्या वाचा. सराय काले खाँ, सराय रोहिल्ला, युसुफ सराय, लाडो सराय, बेर सराय, जिया सराय, कटवारिया सराय, नेब सराय, सराय जुलेना. मराठीत 'सराई' म्हटलं की आधी लग्नसराई आठवते. तिकडे सराय म्हणजे वाटसरूच्या मुक्कामाची जागा, फारसी शब्द. एका शहराच्या इतक्या वस्त्यांना मुसाफिरखान्यांची नावं आहेत. गोवा एक्सप्रेसने किंवा ऑगस्ट क्रांती राजधानीने आपण हजरत निजामुद्दीन स्टेशनावर उतरतो, त्याच्या एका अंगाला सराय काले खाँ आहे. तिथल्या चौकाला २०२४ मध्ये बिरसा मुंडा यांचं नाव दिलं गेलं, वस्तीचं नाव लोकांच्या तोंडी अजून तेच आहे. बेर सराय, जिया सराय या भागांत आजही भाड्याच्या खोल्या घेऊन विद्यार्थी राहतात, कारण शेजारी मोठ्या शिक्षणसंस्था आहेत. गावं बदलली तरी त्यांचा धंदा तोच राहिला म्हणायचा.

या सरायांची पद्धतशीर साखळी उभी केली ती शेरशाह सूरने, असं आपण शाळेत शिकलो. शेरशाह गादीवर होता १५४० ते १५४५, म्हणजे जेमतेम पाच वर्षं. अकबराच्या काळात त्याचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी सांगतो की, त्याने रस्त्यांवर दर दोन कोसांना एक याप्रमाणे सतराशे सराया बांधल्या. पाच वर्षांत सतराशे, हा आकडा अफगाण इतिहासकाराच्या अभिमानाने थोडा फुगला असेल. पण सरवानीने सरायच्या आतली जी व्यवस्था लिहिली आहे ती आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. हिंदूंसाठी वेगळ्या खोल्या, मुसलमानांसाठी वेगळ्या. दारापाशी पाण्याने भरलेले माठ. हिंदू प्रवाशांना गरम आणि गार पाणी, अंथरूण, शिधा, घोड्याला चंदी द्यायला ब्राह्मण नेमलेले. मध्ये विहीर आणि मशीद, मशिदीला इमाम आणि मुअज्जिन. प्रत्येक ठिकाणी टपालाचे दोन घोडे.

वेगळ्या खोल्या हे वाचून आजच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडली होती. पण त्या काळात शिवाशिवीचा विचार न करता जेवणारा प्रवासी विरळाच. शेरशाहने त्याला बदलायचा प्रयत्न केला नाही. दारात आलेल्या कुणालाही पाणी आणि खाट मिळालीच पाहिजे, एवढं त्याने पाहिलं. माणसं शेजारी शेजारी झोपली, वेगवेगळ्या ताटात जेवली आणि सकाळी एकाच रस्त्याला लागली.

रात्रीचं सरायमधलं आयुष्य कसं होतं, याचं चित्र व्हेनिसच्या निकोलाओ मनुचीने काढलं आहे. हा पोरगेल्या वयात, १६५६ मध्ये, सुरतेला उतरला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याने हिंदुस्थानात काढलं. तो सांगतो की, दिवस मावळला की सरायचा मोठा दरवाजा बंद होई आणि दरवान ओरडून सांगे, आपापल्या चीजवस्तू सांभाळा, घोडे नीट बांधा, कुत्र्यांपासून सावध राहा. सकाळी दरवाजा उघडण्यापूर्वी पुन्हा तीनदा हाळी, आपलं सामान तपासून घ्या. कुणाचं काही हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. एका सरायमध्ये आठशे ते हजार माणसं मावत, शिवाय त्यांचे घोडे, उंट, गाड्या. खाटा आणि जेवण पुरवणारे ते भटियारे. हा हिंदी शब्द पुढे भांडखोर बाईला लावायची शिवी झाला, त्यावरून रात्री-बेरात्री येणाऱ्या गिऱ्हाइकांशी त्या बायकांना कसं वागावं लागत असेल याची कल्पना येते.

मात्र फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए याला या सराया मुळीच आवडल्या नाहीत. त्याला त्या मोठ्या गोठ्यांसारख्या वाटल्या. माणसं, घोडे, खेचरं, उंट एकत्र, उन्हाळ्यात गुदमरायला होतं आणि हिवाळ्यात इतक्या जनावरांच्या श्वासामुळेच माणसं थंडीने मरत नाहीत, असा त्याचा शेरा आहे. बर्निए फटकळ माणूस. म्हणूनच त्याने दिल्लीतल्या एका सरायची तोंडभरून तारीफ केली आहे तिला वजन येतं.

ती सराय होती शाहजहानची थोरली मुलगी जहाँआरा बेगम हिची. शाहजहानने १६३९ मध्ये नव्या शहराचा पाया घातला आणि १६४८ मध्ये तो लाल किल्ल्यात राहायला आला. किल्ल्याच्या लाहोरी दरवाजातून पश्चिमेला फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ रस्ता, अंतर दीड किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या मधून कालवा वाहत होता. या रस्त्याच्या मध्यावर जहाँआराने चौक बांधला. चौकातल्या हौदात चांदणं पडे म्हणून तो चांदनी चौक, अशी त्या नावाची कथा सांगतात. चौकाच्या उत्तरेला तिची सराय, सरायच्या मागे बाग, समोरच्या बाजूला हमाम. म्हणजे प्रवाशाने सामान टाकावं, समोर आंघोळ करावी, मागे बागेत फिरावं आणि दारातच बाजार. डाव्या हाताला बादशहाचा किल्ला, उजव्या हाताला मोठी मशीद. यापेक्षा मोक्याची जागा त्या शहरात दुसरी नव्हती.

राजकन्येने ही जागा बरोबर हेरली, यात तिची व्यापारी नजर दिसते. सुरत बंदराचं उत्पन्न तिच्याकडे होतं, तिची स्वतःची जहाजं होती. परदेशचा सौदागर दिल्लीत आला तर त्याला काय लागतं, हे तिला नीट ठाऊक असणार. सुरक्षित कोठार, बाजाराजवळचा मुक्काम आणि रात्री बंद होणारा दरवाजा. बर्निए १६६३ मधल्या पत्रात लिहितो की, ही इमारत चौरस आहे, भोवती कमानी, वर दुसरा मजला, वरतीही खोल्या, आणि तिथे इराणी, उझबेक असे परदेशी व्यापारी निर्धास्त राहतात, कारण रात्री दरवाजा बंद होतो. तो तिची तुलना पॅरिसमधल्या प्लास रोयालशी करतो. पुढे तो म्हणतो की, पॅरिसच्या निरनिराळ्या भागांत अशा वीसेक इमारती असत्या तर किती बरं झालं असतं. नव्याने आलेल्या परक्या माणसाला सुरक्षित आणि वाजवी दराची जागा शोधताना आज जी यातायात पडते ती पडली नसती. ओळखीची माणसं भेटेपर्यंत चार दिवस तिथे काढता आले असते.

म्हणजे मोक्याची जागा, वाजवी दर, सुरक्षित दरवाजा. ओळखीची मंडळी मला जे विचारतात तेच बर्निए साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिससाठी मागत होता.

पण मनुची याच सरायबद्दल एक गोष्ट सांगतो ती बर्निएने सोडून दिली. वरच्या खोल्यांत चित्रं काढलेली होती, बाग सुरेख होती, आणि तिथे उतरत ते मोठे मोगल आणि इराणी व्यापारीच. किरकोळ माणसाचं तिथे काम नव्हतं. तो जात असेल शहराच्या कडेच्या साध्या सरायमध्ये, उंटांच्या शेजारी. जहाँआरा ही त्या घराण्यातली सर्वांत आवडती व्यक्ती आहे माझी. तिने सूफी संतावर पुस्तक लिहिलं, म्हाताऱ्या बापाच्या कैदेत ती आपण होऊन त्याच्याजवळ राहिली. तरी तिची सराय सगळ्यांसाठी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. जागा मोक्याची झाली की दर चढतो आणि दाराशी माणूस पारखला जातो. हे तेव्हाही होतं.

ती सराय आता नाही. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी दिल्ली रिकामी केली. हिंदू रहिवाशांना लवकर परत येऊ दिलं, मुसलमानांना पुष्कळ उशिरा आणि परवान्यावर. जामा मशीद १८६२ मध्ये परत मिळाली. फतेहपुरी मशीद तर एका सावकाराला विकली होती, ती परत मिळायला १८७७ उजाडलं. किल्ल्याभोवतीचा मोठा पट्टा जमीनदोस्त झाला, आणि जहाँआराची सरायही पाडली गेली. त्या जागेवर आज पिवळसर रंगाचा टाऊन हॉल उभा आहे, १८६०च्या दशकातला. मागच्या बागेला राणीचं नाव मिळालं, आता गांधीजींचं आहे. टाऊन हॉलपुढे पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तिथे आता स्वामी श्रद्धानंदांचा आहे. याच ठिकाणी ३० मार्च १९१९ रोजी गोळीबार झाला आणि स्वामीजी शिपायांच्या संगिनींपुढे छाती काढून उभे राहिले. पाचच दिवसांनी, ४ एप्रिलला, जामा मशिदीत मुसलमानांनी त्यांना भाषणाला उभं केलं. आर्यसमाजी संन्यासी आणि जामा मशीद. दिल्लीत असेही दिवस येऊन गेले.

१८५७ ची गोष्ट निघाली आहे तर ग़ालिबबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या कवीने आयुष्यभर स्वतःचं घर केलं नाही, भाड्याच्या घरांतच राहिला. इंग्रजांचं सैन्य शहरात शिरलं तेव्हा तो बल्लीमारानमध्ये राहत होता. त्याच गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या हकीमांचं घराणं राहत होतं, म्हणून महाराजांनी गल्लीच्या तोंडाशी आपले शिपाई उभे केले. त्या पहाऱ्यामुळे ग़ालिब वाचला. घर कुठल्या गल्लीत आहे यावर माणसाचा जीव अवलंबून असतो तो असा. पुढे त्याला इंग्रज कर्नलपुढे नेलं आणि 'तू मुसलमान का' असं विचारलं, तेव्हा 'निम्मा' असं त्याने उत्तर दिलं. दारू पितो, डुक्कर खात नाही, असा त्याचा हिशेब. हा किस्सा हालींनी लिहून ठेवला आहे. आपण हसतो, पण त्या वेळी त्या प्रश्नाच्या उत्तरावर शहरात राहायला मिळणार की नाही हे ठरत होतं.

१८६७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आगगाडी यमुना ओलांडून दिल्लीत आली, आणि सरकारने सरायांसाठी कायदा केला. स्टेशन बांधलं ते तटाच्या आत, जहाँआराच्या बागेच्या पलीकडे. आजच्या जुन्या दिल्ली स्टेशनाची इमारत १९०३ ची, पण जागा तीच. कायदा मोठा वाचनीय आहे. सराय सरकारदरबारी नोंदलेली हवी, विहीर आणि खोल्या स्वच्छ हव्यात, पहारेकरी हवा, साथीच्या रोगाचा उतारू असेल तर पोलिसांना कळवायला हवं, भिंतीलगतच्या ज्या फांद्यांवरून चोर आत-बाहेर करतील त्या तोडायला हव्यात, आणि दरपत्रक सगळ्यांना दिसेल असं लावायला हवं. लॉजच्या काउंटरमागे काचेत लावलेला दराचा कागद पाहिला की मला हा कायदा आठवतो. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, याची गाठ मात्र दरपत्रक लावून सुटणारी नव्हती.

रेल्वेबरोबर धर्मशाळांचा काळ आला. दानशूर लोकांनी स्टेशनांजवळ आणि तीर्थांच्या गावी मोठमोठ्या इमारती बांधल्या, पुण्याचं कामच ते. पण पुष्कळांच्या दारावर कुठल्या समाजासाठी हेही लिहिलेलं असे. त्याची किंमत काय पडते हे महाराष्ट्राला शिकवायला नको. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. त्यांना उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायमध्ये ते पारशी नाव सांगून राहिले, दिवसाला दीड रुपया. रात्री त्या मोठ्या ओसाड दालनात कंदील घेऊन एकटेच. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. बाबासाहेब गाडीच्या वेळेपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जागा परवडणारी होती, गावात होती, पैसे वेळेवर दिले होते. पुढे गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी आहे.

आता माझी एक लहानशी गोष्ट. बाबासाहेबांच्या अनुभवापुढे ती काहीच नाही, पण विषय निघालाय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आणि पत्नी दिल्लीला गेलो होतो. नव्या दिल्लीतल्या एका मध्यम दराच्या लॉजमध्ये फोनवरून खोली ठरवली होती. फोनवर आडनाव विचारलं नव्हतं. काउंटरवरच्या तरुणाने ओळखपत्र उलटसुलट पाहिलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, खोलीत पाणी गळतंय. दुसरी? दुसरी नाही. आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला मात्र खोली मिळाली, न गळणारी. त्याने एकही वाकडा शब्द वापरला नाही. 'सॉरी अंकल' म्हणाला. पत्नी म्हणाली, 'चला, उगाच वाद नको', आणि रात्री साडेदहाला बॅगा घेऊन आम्ही जामा मशिदीकडे रिक्षा केली.

तिथे एका अरुंद जिन्याच्या लॉजमध्ये म्हाताऱ्या मालकाने वही पुढे केली. आम्ही आपसात बोलत होतो ते तो कान देऊन ऐकत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, 'आप लोग ये कौनसी ज़बान बोल रहे हैं?' मराठी म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. नाव मुसलमानाचं आणि घरात मराठी? त्याला आमचं मुसलमान असणं नवलाचं नव्हतं, मराठी असणं होतं. त्याच लॉजमध्ये नगर जिल्ह्यातलं एक शेतकरी जोडपं उतरलेलं होतं. त्यांच्या नातेवाइकांनी 'त्या भागात राहू नका' म्हणून बजावलं होतं, पण स्टेशनजवळच्या धर्मशाळा भरलेल्या, मग आले. सकाळी जिन्यात काकूंनी आमचं मराठी ऐकलं आणि 'अगं बाई, कुठले तुम्ही?' म्हणून बायकोचा हातच धरला. नंतरचे तीन दिवस आम्ही चौघं मिळून फिरलो.

तर आता पत्त्याकडे येतो. पहिल्यांदाच दिल्लीला जात असाल आणि तीन-चार रात्रींचाच मुक्काम असेल, तर माझं मत सरळ आहे. जुन्या शहराच्या आत किंवा लगत राहा, खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. पाहण्याची शहरं पहाटे आणि दिवेलागणीनंतर पाहायची असतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा चांदनी चौक हा निव्वळ घाऊक बाजार असतो, इमारती दिसतच नाहीत. लांब, नव्या वस्तीत हॉटेल घेतलं की नाश्ता करून निघून तुम्ही नेमके अकराला पोचता. दुपारी पाय दुखले तर परत खोलीवर येता येईल का, हा मी लावतो तो निकष. येता येत असेल तर जागा मोक्याची. जाहिरातीत 'लाल किल्ल्यापासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं, ती मिनिटं मोटारीची असतात आणि रात्री दोन वाजताची.

फतेहपुरीच्या टोकाला, जुन्या दिल्ली स्टेशनाच्या बाजूने, लॉज आणि धर्मशाळा पुष्कळ आहेत आणि दर आवाक्यातले. सामान हातात असेल तर स्टेशनातून चालत जाता येतं. शेजारी खारी बावली, मसाल्यांची प्रचंड पेठ. मिरच्यांची पोती हलायला लागली की खिडकी बंद ठेवावी लागते, नाहीतर शिंकून शिंकून जीव जातो. तिथून किल्ल्यापर्यंतचा रस्ता म्हणजे जहाँआराने आखलेला चौक. २०२१ मध्ये या रस्त्याचं नवं काम पूर्ण झालं आणि दिवसा सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी झाली, त्यामुळे पूर्वीपेक्षा चालणं सुखाचं आहे. वाटेत गुरुद्वारा सीसगंज लागतो, १६७५ मध्ये गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला ती ही जागा. आणखी एक. दिल्लीत सराय हा शब्द आता वस्त्यांच्या नावांपुरता उरला असला, तरी अमृतसरला सुवर्णमंदिरात यात्रेकरूंच्या निवासाला आजही सरायच म्हणतात, आणि तिथे कुणाला जात-धर्म विचारत नाहीत.

जामा मशिदीच्या पहिल्या क्रमांकाच्या दरवाजासमोर मटिया महलचा रस्ता. तिथले लॉज साधे, जिने चढे, लिफ्ट बहुधा नाही. गुडघे दुखत असतील तर पहिल्याच मजल्याची खोली मागून घ्या. पहाटेची अजान थेट कानात येते, झोप सावध असेल त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. रमजानमध्ये गेलात तर सहरीपर्यंत रस्ता जागा असतो. खाणाऱ्यांना तिथून हलवत नाही. करीमचं दुकान १९१३ पासून तिथेच आहे. शाकाहारी मंडळींनी बिचकू नये, चालत थोड्याच अंतरावर पराठेवाली गल्ली आहे. मेट्रोचं जामा मशीद स्टेशन २०१७ मध्ये झालं आणि चांदनी चौकचं २००५ मध्ये, त्यामुळे बॅगा घेऊन गर्दीतून सायकलरिक्षा करण्याचा ताप कमी झाला आहे.

पहाडगंज बहुतेकांना ठाऊक असतं, नवी दिल्ली स्टेशनच्या तोंडाशी. तिथे स्वस्ताई आहे, गोंगाट आहे, दलालही आहेत. 'तुमचं हॉटेल बंद पडलंय, दुसरं दाखवतो' असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका, एवढं पुरे. मेट्रोने चावडी बाजार आणि मग चांदनी चौक, दोनच स्टेशनं.

वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर मी निजामुद्दीनचा भाग सुचवतो. तिथला दर थोडा जास्त, पण झाडं आहेत, हुमायूंची कबर आहे आणि तिच्या शेजारी अरब सराय. हुमायूंच्या बेगमेने मक्केहून आणलेल्या अरबांसाठी ती बांधली, अशी परंपरा आहे. आता तिचा उंच दरवाजाच पाहण्यासारखा उरला आहे, तो चांगला दुरुस्त केला आहे. दर्ग्याच्या आवारात जहाँआरा बेगमची कबर आहे. संगमरवरी जाळीच्या आत, वर छत नाही, कबरीच्या मधोमध माती आणि त्यावर हिरवळ. स्वतःसाठी तिने एवढीच जागा मागून घेतली होती. आणि दर्ग्यालगतच ग़ालिबची कबर, तिथे भाडं द्यावं लागत नाही.

खोली ठरवताना फोनवर पूर्ण नाव सांगा, आणि किती माणसं ते सांगा. मी आता नाव पहिल्याच वाक्यात सांगतो, म्हणजे पाणी गळत असेल तर तिथूनच कळतं. परदेशातून पाहुणे बरोबर येणार असतील तर त्यांना ठेवून घेतात का हेही विचारा, कारण पोलिसांना कळवण्याच्या फॉर्मची कटकट नको म्हणून अनेक लहान लॉज त्यांना घेत नाहीत. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, चांदनी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी. म्हणून मी शनिवारी रात्री पोचतो. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, टाऊन हॉलपुढे कबुतरांना दाणे टाकणारे आलेले असतात आणि सरायची जागा पायऱ्यांवर बसून निवांत पाहता येते. साडेआठला दुधाच्या कढया चढतात.